नायगावहून परत: एका माहेरपणाच्या अखेरीचे पत्र

मे महिन्याच्या अखेरीस शिरवळच्या एस.टी. स्थानकावर घटकाभर उभे राहिले, तर सुट्टी संपल्याची खूण पंचांगात शोधावी लागत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या बायका, त्यांच्या पायांशी ज्वारीची गोणी, फडक्याने तोंड बांधलेली लोणच्याची बरणी, अंगावर नवे कपडे असूनही चेहरे उतरलेली मुले आणि थोडे बाजूला उभे राहून उगाचच रस्त्याकडे पाहणारा मामा. गाडी आली की सारे एकदम बोलू लागतात आणि जे बोलायचे ते राहून जाते. शिरवळ सोडले की लगेच नीरा नदी लागते, आणि नदीपलीकडे पुणे जिल्हा. सातारकडच्या माहेरवाशिणीला मागे वळून पाहण्याची ही शेवटची जागा. गावात मध्ययुगीन दगडी पाणपोई आहे. वाटसरूंनी इथे टेकावे, पाणी प्यावे आणि पुढे निघावे, हा या ठिकाणाचा व्यवसाय किती जुना आहे, हे तिच्याकडे पाहिले की कळते.

या निघण्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. न्यायला येतो तो मुराळी. निरोप देऊन लावून देतात ती बोळवण. लग्नानंतरची पहिली ती पाठवणी. निघताना 'जाते' म्हणायचे नाही, 'येते' म्हणायचे. ओटी भरायची, हातावर दही घालायचे, बरोबर शिदोरी द्यायची. जात्यावरच्या ओव्यांमध्ये या प्रसंगाला केवढी जागा आहे, हे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ग्रामीण स्त्रियांकडून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांवरून ओझरती नजर टाकली तरी ध्यानात येते. भाऊ, आई, वाटेवरचे झाड, नदीचा उतार, मागे राहिलेले घर ही तिथली नेहमीची सामग्री. पण ओवीतली माहेरवाशीण कोणीही असते, आणि म्हणून इतिहासाच्या दृष्टीने ती कोणीच नसते. अमुक साली, अमुक तारखेस, अमुक गावच्या अमुक स्त्रीचे माहेरपण संपत आले होते आणि तेव्हा तिच्या मनात हे होते, असे सांगणारा कागद एकोणिसाव्या शतकात विरळा. ज्यांना बोळवले जाई त्यांना लिहिता येत नव्हते, हे त्याचे सरळ कारण.

असा एक कागद आपल्याकडे आहे, आणि तो शिरवळपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावात लिहिला गेला. नायगाव, १० ऑक्टोबर १८५६. लिहिणारी सावित्रीबाई फुले, वय पंचवीस. ज्याला लिहिले तो पुण्यात असलेला नवरा. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय'मुळे हे पत्र सर्वांच्या हाती आले. त्याचा अभ्यास बहुतेक वेळा समाजसुधारणेचा दस्तऐवज म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र ते वाचताना प्रत्येक वेळी आधी जाणवते ते हे, की हे माहेरपण संपता संपता लिहिलेले पत्र आहे. एका बाजूला निघण्याची ओढ, दुसऱ्या बाजूला ज्यांना सोडून निघायचे त्यांच्याविषयीची माया, आणि या दोहोंच्या मध्ये नुकतेच झालेले एक भांडण.

थोडी पार्श्वभूमी. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची ही लेक ३ जानेवारी १८३१ ला जन्मली आणि १८४० मध्ये, नऊ वर्षांची असताना, जोतीरावांशी लग्न होऊन पुण्यास गेली. नायगाव ते पुणे हे अंतर आज आपण पन्नास किलोमीटर म्हणून उडवून लावतो. १८५६ मध्ये पुण्याला आगगाडी आलेली नव्हती, आणि शिरवळला ती पुढेही कधी आली नाही. नीरा उतरून, कात्रजचा घाट ओलांडून पायी किंवा बैलगाडीने जायचे, म्हणजे वाटेत मुक्काम धरूनच निघायचे. १८५४ च्या ऑक्टोबरपासून मात्र अर्ध्या आण्यात पाव तोळा वजनाचे पत्र कंपनीच्या मुलखात कुठेही जाऊ लागले होते. अंतर तेवढेच राहिले, पण त्यावरून बोलता येऊ लागले. हे विशिष्ट पत्र टपालाने गेले असो वा माणसाहाती. लिहिता येणाऱ्या बाईला माहेरातून नवऱ्याशी बोलता येते, ही गोष्टच नवी होती.

आणखी एक गोष्ट. या माहेरवाशिणीला रूढ अर्थाने सासर उरलेले नव्हते. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि १८४९ मध्ये लोकांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. ओवीचे जग दोन टोकांवर उभे असते: माहेर म्हणजे मोकळीक, सासर म्हणजे जाच. इथे सासरचे टोक सात वर्षांपूर्वीच तुटलेले होते. सावित्रीबाई परतणार होत्या त्या पुण्यातल्या घरी आणि शाळेत, म्हणजे त्या दोघांनी स्वतः उभ्या केलेल्या ठिकाणी.

आता पत्र. आरंभी प्रकृतीची हकिकत येते. आजार बरेच दिवस मागेपुढे होत राहिला, आता उतार पडला आहे. भावाने रात्रंदिवस शुश्रूषा केली. तो किती मायाळू आहे हे या दुखण्यात दिसून आले. पूर्ण बरे वाटताच पुण्यास येते, काळजी करू नये. मग एका वाक्यात फातिमेची आठवण: माझ्या गैरहजेरीत तिच्यावर फार भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. (फातिमा शेख ही व्यक्ती होती की नव्हती असा वाद २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर पेटला, तेव्हा याच वाक्याकडे बोट दाखवले गेले. एखाद्या स्त्रीच्या असण्याचा पुरावा दुसऱ्या स्त्रीच्या घरगुती काळजीत सापडावा, हे आपल्या दप्तरखान्यांविषयी पुष्कळ सांगून जाते. असो.) सुट्टीच्या शेवटी मागे राहिलेल्या कामाचा आणि सहकाऱ्याचा विचार मनात शिरू लागतो, हे आपण सारे ओळखतो. १८५६ सालच्या मराठी बाईच्या पत्रात तो सापडावा, याचे मला राहून राहून नवल वाटते. माहेरी आलेल्या बाईला कामावरची मैत्रीण आठवते, यासाठी आधी तिला काम असावे लागते आणि मैत्रीणही असावी लागते.

त्यानंतर पत्राचा मुख्य भाग. ज्याने उशाशी बसून सेवा केली, तोच भाऊ एके दिवशी बोलता बोलता म्हणाला, की तुम्हां दोघांना वाळीत टाकले ते योग्यच झाले. महार-मांगांसाठी तुम्ही जे करता ते पतितपणाचे आहे, कुळाला बट्टा लावणारे आहे. जातीच्या रूढीने चालावे आणि भटांचे ऐकावे. आई अस्वस्थ झाली. तिने मुलाला दटावले नाही, समजावले, की देवाने गोड वाणी दिली तिचा असा दुरुपयोग करू नये. सावित्रीबाईंनी दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे. तुम्ही गाईला, शेळीला प्रेमाने हात लावता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, आणि तुमच्यासारख्याच माणसांचा तुम्हांला विटाळ होतो, तो का? सोवळ्यातल्या ब्राह्मणाला तुमचाही विटाळ होतो, त्याचे काय? हा युक्तिवाद शाळेच्या फळ्यासमोरचा नाही. दृष्टान्त सगळे नायगावच्या गोठ्यातले आणि सणवारातले आहेत. भावाला भावाच्याच अंगणातून उत्तर दिले आहे.

आणि मग पत्रातले माझ्या मते सर्वांत खरे वाक्य येते, तेही भावाच्या तोंडी. तो लाल होतो, पण विचारतो ते असे: तुम्ही त्यांना शिकवता म्हणून लोक तुम्हांला शिव्या देतात, त्रास देतात; ते मला सोसवत नाही. म्हणजे धर्म, रूढी, कुळाचा लौकिक हे सारे बोलून झाल्यावर तळाशी जे उरले ते बहिणीविषयीचे दुखणे. आजारात ज्या हाताने औषध दिले तोच हात इथेही आहे. सावित्रीबाईंनी हे वाक्य लिहून ठेवले, गाळले नाही, यात लेखिका म्हणून त्यांची नजर दिसते. प्रतिपक्षाला पुतळा करून मोडणे सोपे होते. त्यांनी भावाला संकुचित मनाचा म्हटले आणि मायाळूही म्हटले, आणि दोन्ही शब्द एकाच पत्रात राहू दिले.

पुढे विद्येविषयी, जोतीरावांच्या कार्याविषयी, सरकारने त्यांचा सत्कार केला त्याविषयी (विश्रामबागवाड्यातला तो समारंभ १६ नोव्हेंबर १८५२ चा) आणि या कामात मिळणाऱ्या अपार आनंदाविषयी त्या बोलतात. अखेर भाऊ पश्चात्ताप पावतो, क्षमा मागतो. आई धन्यता व्यक्त करते. इथे चिकित्सक वाचकाने जरा थांबावे. एका बैठकीत मन इतके पालटते का? पत्र हे नेहमी कोणासाठी तरी लिहिलेले असते. इथे वाचणारा पुण्यात शिव्याशाप झेलत एकटा होता, आणि त्याला माहेरची बाजू आपल्याकडे वळली असे सांगण्यात दिलासा होता. संवाद फारच बांधेसूद उतरला आहे, बोलण्याचा ओबडधोबडपणा त्यात नाही, हेही खरे. पण त्याने प्रसंग खोटा ठरत नाही. 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्येच प्रसिद्ध केलेल्या कवयित्रीने प्रसंगाला आकार दिला, एवढेच. उलट, शेवटाकडे त्या जोतीरावांना सांगतात, की पुण्याप्रमाणे इथेही मने कलुषित करणारे पुष्कळ आहेत. माहेर जिंकले असे त्या मानत नाहीत. इथले काही आपले झाले, बाकीचे तसेच आहेत, हे नोंदवून त्या निघण्याच्या तयारीला लागतात.

तारखेकडेही लक्ष द्यावे. ऑक्टोबर १८५६ चा दुसरा आठवडा, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागचे दिवस; दिवाळी तीन आठवड्यांच्या आत. ज्या भाऊबिजेसाठी मुराळ्याची वाट पाहण्याच्या ओव्या झाल्या, ती समोर उभी असताना ही बहीण बरी होताच पुण्यास येते असे लिहीत होती. दिवाळी तिने कुठे केली हे पत्रात नाही. निघतानाचे दृश्यही नाही. ओटी भरली असेल, आईने डोळे पुसले असतील, भाऊ नीरेपर्यंत पोचवायला आला असेल, असे लिहिण्याचा मोह होतो. चरित्रकादंबरीकाराने तो खुशाल करावा. निबंधात तो शोभत नाही.

तुलनेसाठी याच जिल्ह्यातले दुसरे एक निघणे आठवते. कुर्लेकरांची लेक, पुढे रमाबाई रानडे, १८७३ मध्ये लग्न होऊन पुण्यात राहिली. तिला तिथे ठेवून परतताना वडिलांनी सासरी कसे वागावे, काय सोसावे याचा उपदेश केला, तो तिने 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये (१९१०) कृतज्ञतेने नोंदवला. तिथे निरोपाच्या वेळी माहेर बोलते आणि मुलगी ऐकते. नायगावच्या पत्रात मुलगी बोलते, आणि आई व भाऊ ऐकत बसतात. दोन घरे, दोन जाती, दोन स्वभाव. कोण श्रेष्ठ हे ठरवण्याचे कारण नाही. पण बोळवणीच्या वाङ्मयाचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर ही दोन पाने त्याने शेजारी शेजारी ठेवावीत.

नायगावचे दुसरे पत्र बारा वर्षांनंतरचे आहे, २९ ऑगस्ट १८६८ चे. भावाशी झालेल्या त्या वादानंतरही माहेरची वाट बंद झाली नव्हती, याचा तोच पुरावा. याही पत्राच्या सुरुवातीला निघण्याची तारीख आहे: येत्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत येते. आणि मग घडलेली अजब गोष्ट. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जुळले. ती सहा महिन्यांची गर्भार असल्याचे उघड झाले. चिडलेल्या लोकांनी दोघांची गावातून धिंड काढली आणि जीव घ्यायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्यात याचा परिणाम काय होईल याची धास्ती घातली, आणि लोक थांबले. मात्र दोघांनी गाव सोडावे, असे ठरले. दोघेही पायांवर पडून रडू लागले.

मराठी घरात पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्याच्या आसपास मुराळी जातो आणि लेकीला घेऊन येतो. शारजाची वाट नेमकी उलटी झाली: त्याच दिवसांत तिला गावातून काढले गेले, जीव वाचला हेच पुष्कळ मानून. तिला पुन्हा 'येते' म्हणता येणार नव्हते. फुल्यांच्या पुण्यातल्या घरात १८६३ पासून बालहत्या प्रतिबंधक गृह चालू होते; जिला कुठेच बाळंत होता येत नाही तिच्यासाठी ते घर होते. सावित्रीबाईंनी आपल्या माहेरातून त्या दोघांना तिकडे लावून दिले, पत्रात तसे जोतीरावांना कळवले, आणि जास्त काय लिहावे म्हणून पत्र आटोपते घेतले. पाच तारखेपर्यंत त्यांच्या पाठोपाठ त्या स्वतः निघणार होत्या.