जाते : पीठ कोणाचे, श्रम कोणाचे?

#इतिहासधागा

१) गेल्या काही महिन्यांत एकच चित्रफीत मला अनेकांनी पाठवली. नऊवारी नेसलेली एक तरुणी जाते ओढते आहे, मागे सनई वाजते आहे आणि खाली मजकूर आहे : ‘आपल्या आज्यांना कधी जिमची गरज पडली नाही.’ ती मी माझ्या आजीला दाखवली. आजीने चष्मा सावरून दोनदा पाहिली आणि एकच प्रश्न विचारला : “ही किती पायली दळणार आहे?” हा धागा त्या प्रश्नाचा आहे. जात्यावरचे पीठ आरोग्यदायी होते का, दळणे हा व्यायाम होता का, आणि असल्यास कोणासाठी, हे पुराव्यांच्या आधारे पाहू.

२) आधी वस्तू ओळखून घेऊ. जात्याच्या दोन तळ्या असतात. खालची स्थिर, वरची फिरती. मध्यभागी खुंट, वरच्या तळीच्या कडेला हाताने धरायचा खुंटा आणि मधोमध धान्य टाकायचे तोंड. एका हाताने ओढायचे, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे सोडायचे. वापराने दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडेभरडे पडते. मग पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागे. साधे दिसणारे हे साधन कारागिरीवाचून चालत नसे.

३) हे फिरते जाते ‘अनादि काळापासून’ नाही. घोड नदीकाठच्या इनामगावात (जि. पुणे) डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. ती वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. अशा ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत आपल्या पाट्यासारखे दगड सापडतात, म्हणजे दाणे पुढे-मागे घासून रगडायचे. फिरती जाती आढळतात ती पुढच्या काळात. प्रवराकाठच्या नेवाशाच्या उत्खननात ती सातवाहनकालीन थरांत मिळाली आणि ह. धी. सांकलिया यांनी १९५९ साली भारतातल्या फिरत्या जात्यांवर स्वतंत्र लेख लिहिला. घासण्याकडून फिरवण्याकडे झालेला हा बदल म्हणजे स्वयंपाकघरातली एक मोठी तांत्रिक क्रांतीच होती. तिच्या कर्त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

४) दळण रोजच का लागे? कारण भाकरी. गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा असतो, तो ज्वारी-बाजरीच्या पिठात नसतो. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. बाजरीचे पीठ तर चार दिवसांत कडवट लागू लागते, कारण दाण्यातला स्निग्धांश पिठात उतरतो आणि खवट होतो. म्हणून ताजे पीठ ही हौस नव्हती, गरज होती. पहाटे सूर्योदयापूर्वी दळण, मग पाणी, मग चूल, मग शेत, असा बाईचा दिवस त्या गरजेने आखून दिलेला होता.

५) या श्रमांचा एक जुना लेखी पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ.स. ११२९ चा मानला जातो. संगीताच्या चर्चेत तो नोंदवतो की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. राजाने आपल्या ग्रंथात मुसळाच्या घावांबरोबरचे गाणे टिपावे, हे विशेषच. पुढे १२९० साली ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली तीही ओवीतच. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांची घडण वेगळी. पण नाते अभ्यासकांनी मान्य केलेले आहे.

६) आणि जनाबाई? नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही संत. तिच्याबरोबर विठ्ठल जाते ओढू लागला, अशी परंपरेची श्रद्धा. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे म्हणून एक जाते आजही दाखवतात. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवा, तिच्यातली इच्छा पाहा. देवाकडे तिने धन मागितले नाही. दळताना समोर बसणारे कोणीतरी हवे होते. जाते दोघींनी ओढले तर निम्मे हलके होते, हे ज्याने कधी खुंटा धरला आहे त्याला सांगावे लागत नाही.

७) जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम अनेकांनी केले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या संकलित केल्या. पुढे पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. अलीकडे ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ध्वनिमुद्रणांसह प्रकाशित झाल्या आहेत. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. आणि त्याचबरोबर सासुरवास आहे, थकवा आहे, लेकीच्या जन्माची खंत आहे. दळण्याच्या सुखाचेच वर्णन हवे असेल, तर ते गाणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांच्या लेखनात अधिक सापडते.

८) आता शरीराची साक्ष. ही उदाहरणे आपल्याकडची नाहीत आणि फिरत्या जात्याच्या आधीच्या पाट्याची आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा. मध्य युरोपातल्या प्राचीन शेतकरी स्त्रियांच्या हाडांचा एक अभ्यास २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. नवाश्मयुगीन स्त्रियांच्या दंडाची हाडे आजच्या स्पर्धेत उतरणाऱ्या नौकावल्हवणाऱ्या तरुणींपेक्षा ११ ते १६ टक्के अधिक बळकट होती. हातांनी धान्य रगडणे हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून त्यांनी सांगितले.

९) हे वाचून चित्रफीतवाले आनंदतील. पण दुसरी साक्षही ऐका. सीरियातल्या अबू हुरेरा या अतिप्राचीन वस्तीतील सांगाड्यांवर थेया मॉलसन यांनी काम केले आणि १९९४ साली त्याविषयी लिहिले. गुडघ्यांवर बसून तासन्‌तास रगडल्याने पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि कंबरेचे मणके झिजलेले त्यांना आढळले; आणि अशा खुणा मुख्यतः स्त्रियांच्या हाडांवर होत्या. म्हणजे दंड बळकट झाले हे खरे, आणि कंबर गेली हेही खरे. दोन्ही एकाच कामाचे परिणाम.

१०) मग दळणे हा व्यायाम कधी ठरतो? एक उत्तर जोहान्सबर्गमध्ये मिळते. १९०६ च्या सुमारास गांधीजींच्या घरी पोलॉक दांपत्य राहत होते. साधे राहायचे, भाकरी घरच्या पिठाची खायची, असे ठरल्यावर सात पौंडांना हातचक्की विकत आणली गेली. तिचे लोखंडी चाक एकट्याला जड जाई, दोघांना सहज फिरे. आत्मकथेत गांधीजी सांगतात की ती बहुधा ते स्वतः, पोलॉक आणि मुले फिरवीत. कस्तुरबा कधीमधी हात लावीत, कारण तीच त्यांची स्वयंपाकाची वेळ असे. मुलांना तो उत्तम व्यायाम झाला, असेही ते नोंदवतात.

११) या प्रसंगातल्या अटी मोजा. काम स्वेच्छेने पत्करलेले. ओढणारे अनेक. पुरुष आणि मुले त्यात सामील. दळण एका घरापुरते. जिच्या माथी दुसरे काम होते, तिला सूट. या अटी होत्या म्हणून ती चक्की व्यायाम ठरली.

१२) त्याच काळात, त्याच साधनाचे दुसरे रूप तुरुंगात होते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कारागृहांत दळण हे सक्तमजुरीचे ठरलेले काम होते. ‘चक्की पिसणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच तुरुंगवासाला चिकटला. अंदमानात कैद्यांना तेलाच्या घाण्याला जुंपत; सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये त्या कोलूचे वर्णन केले आहे. आज ‘लाकडी घाण्याचे’ म्हणून जे तेल आपण कौतुकाने जास्त दराने घेतो, तो घाणा कोणी ओढायचा हा प्रश्न एके काळी शिक्षेचा होता. साधन तेच, पण सक्ती आली की त्याचा अर्थ पालटतो.

१३) आता पिठाच्या पौष्टिकतेकडे येऊ. डच अंमलाखालच्या जावा बेटावर १८९० च्या दशकात ख्रिश्चन आइकमन यांना दिसले की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. त्यानंतर तिथल्या शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी झाली. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरीचे प्रमाण फार मोठे निघाले. कोंड्यातला तो आवश्यक घटक म्हणजे आज आपण ज्याला ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणतो तो. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१४) आपल्याकडे कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना हिंदुस्थानच्या वेगवेगळ्या प्रांतांतले आहार देऊन पाहिले. अखंड गव्हाची पोळी, दूध-तूप, डाळ, भाज्या असा उत्तरेकडचा आहार मिळालेले उंदीर सर्वांत निरोगी निघाले; सडलेल्या तांदळावर वाढलेले मागे पडले. घरच्या साध्या जेवणाच्या बाजूने हा भक्कम शास्त्रीय पुरावा होता.

१५) ही दोन्ही सूत्रे वर्ध्यात एकत्र आली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचे केंद्र उभे राहिले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी. चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा, लंडन आणि न्यूयॉर्क इथे शिकलेले हिशेबतज्ज्ञ व अर्थशास्त्रज्ञ. सल्लागारांत रवींद्रनाथ टागोर, चंद्रशेखर वेंकट रमण यांच्याबरोबर मॅकॅरिसनही होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाण्याचे तेल, गूळ, मधमाशापालन, हातकागद यांचे प्रयोग तिथे चालत. झवेरभाई पटेल यांनी तिथे घाण्याची रचना सुधारली. डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे, अवश्य पाहा.

१६) मगनवाडीचा विचार मोलाचा होता : गावचे धान्य गावात दळावे, त्याची मजुरी गावात राहावी, पोषण कोंड्यासकट पोटात जावे. तरीही इथे एक भेद करणे आवश्यक आहे. पोषण हरवले ते तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडल्यामुळे, आणि मैद्यासाठी कोंडा वेगळा काढल्यामुळे. गावातली दगडाची गिरणी अख्खी ज्वारी घेते आणि अख्ख्या ज्वारीचेच पीठ देते. पीठ गरम होते, हे डबा हातात घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण कोंडा त्याच डब्यात येतो. भाकरीचे आरोग्य धान्यात होते, बाईच्या खांद्यांच्या दुखण्यात नव्हते.

१७) म्हणूनच आधी तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर चालणारी गिरणी गावात आली, तेव्हा स्त्रियांनी शोक केला नाही, दळणाचे डबे घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या. अनेक चरित्रांत ‘आईने लोकांचे दळण-कांडण करून मुलांना शिकवले’ असे वाक्य येते. त्या वाक्यातली आई बहुधा विधवा असते आणि दळण दुसऱ्याच्या घरचे असते. तिच्यासाठी जाते म्हणजे आहारशास्त्र नव्हते, मजुरी होती. आणि गिरणीने ती मजुरीही नेली, हा या इतिहासाचा आणखी एक पदर. सुटका एकीची झाली, तेव्हा रोजगार दुसरीचा गेला.

१८) तर चित्रफितीला उत्तर काय द्यावे? घरचे ताजे, कोंड्यासकट अन्न उत्तम, यात शंका नाही. शरीर रोज हलले पाहिजे, हेही निर्विवाद. हौसेने जाते आणायचे असेल तर जरूर आणा, मात्र खुंट्याला घरातल्या प्रत्येकाचा हात लागू द्या, मुलांचा आणि पुरुषांचा आधी. केवळ आज्या निरोगी होत्या म्हणून त्यांचे कष्ट गोड होते, असा निष्कर्ष काढू नका. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पिठाची चव घ्यावी आणि दळणाऱ्या हाताचे घट्टेही पाहावेत.

१९) शेवटी एक काम तुमच्यासाठी. घरात किंवा शेजारी सत्तरी ओलांडलेली कोणी आजी असेल, तर तिला चार प्रश्न विचारा : किती पायली दळायचीस? किती वाजता उठायचीस? समोर कोण बसायचे? दळताना काय म्हणायचीस? तिची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. एवढ्यानेही एक अस्सल साधन तयार होते, आणि ते तयार करण्याची वेळ हातची निसटत चालली आहे.

२०) माझ्या आजीचे जाते परसात पडून आहे. घरात लग्न असले की ते धुऊन, सूत गुंडाळून आत येते. त्यावर हळद दळली जाते आणि पुन्हा परसात जाते. ते कायमचे आत आणू का, असे मी विचारले, तर ती “नको रे बाबा” म्हणाली. मग ओव्या सांग म्हटले, तर एकही आठवेना. परसात नेऊन तिचा हात खुंट्यावर ठेवला, तेव्हा लागोपाठ सात आठवल्या. सहाव्या ओवीत तिच्या आईचे नाव होते. ते नाव आमच्या घरात त्याआधी कोणालाच माहीत नव्हते.