आजोबा, वडील आणि मुलगा



आमचं घराणं चार पिढ्या बडोद्यात, दांडिया बाजारात. मी बँकेत ३६ वर्षं काढली. हिशेब साठवायची साधनं तेवढ्यात कितीदा बदलली, त्याची ही गोष्ट.

नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरं होती. वाचायला फक्त डोळे लागत. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. मग सव्वापाच इंची फ्लॉपी, नंतर साडेतीन इंची. तिच्यात १.४४ एमबी मावे. सीडीत ७०० एमबी, म्हणजे जवळजवळ ५०० फ्लॉप्या! आता नखाएवढ्या कार्डात शेकडो सीड्या मावतात.

बँकेत बॅकअपचा एक नियम होता. रोजची प्रत म्हणजे मुलगा, आठवड्याची म्हणजे वडील, महिन्याची म्हणजे आजोबा. एक बिघडली तरी मागची पिढी हाताशी. शिवाय एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

घरी मात्र मीच हा नियम पाळला नाही. १९९७ साली वडिलांनी सांगितलेल्या आठवणी टाइप करून फ्लॉपीत ठेवल्या. प्रत एकच. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी खटपट करून ड्राइव्ह मिळवला, तर आतल्या चकतीवर बुरशी! एक ओळ उघडली नाही.

त्याच कपाटात पणजोबांचं मोडीतलं बाड होतं. घरात मोडी कुणाला येत नाही, पण एका जाणकारांनी दोन दुपारीत ते वाचून दिलं. लिपी पुन्हा शिकता येते हो, गेलेली फ्लॉपी परत येत नाही.

म्हणून कागदच श्रेष्ठ, असंही नाही. विश्वामित्रीच्या पुरात कागदाचा लगदा होतो. हार्ड डिस्क चुंबकावर चालते, पडली की संपली. सीडी प्रकाशावर, तिला ओरखडे बाधतात. पेनड्राइव्ह आणि एसएसडी विजेच्या भारावर. वर्षानुवर्षं न लावता ठेवले तर तो भार झिरपून जातो. अमर कुणीच नाही.

तेव्हा आईबाबांचे फोटो, आवाज, आठवणी यांच्या तीन प्रती करा. एक कॉम्प्युटरात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक परगावच्या लेकीकडे. वर्षातून एकदा उघडून बघा, साधन जुनं झालं की नव्यावर उतरवा. आणि महत्त्वाचं ते कागदावर छापून ठेवा.

वडिलांच्या आठवणींतलं मला आठवेल तेवढं मी आता पुन्हा लिहायला घेतलंय. आवाज त्यांचा नाही, पण प्रती तीन आहेत.