शब्दवेध : सुसर

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ म्हणणारा माणूस तिच्या तावडीत सापडलेला असतो, म्हणून ही खुशामत. मराठीत सुसर म्हणजे मगरीच्या कुळातली, खडबडीत पाठीची. पण तिचं मूळ, संस्कृत ‘शिशुमार’, गंगेकाठी हिंदीत ‘सूंस’ झालं, आणि सूंस म्हणजे डॉल्फिन! तिची पाठ खरोखरच गुळगुळीत.

शिशुमार म्हणजे ‘पोरं मारणारा’, अशी फोड सर्रास सांगतात. मला ती पटत नाही. ऋग्वेदात अश्विनांच्या रथाला बैलासोबत जुंपलेला प्राणी आहे ‘शिंशुमार’, अनुस्वारासकट. त्यात ‘शिशु’ मागाहून ऐकू येऊ लागला असावा. तसं असेल तर या मुक्या जिवावर केवढा मोठा आळ! सूंस जवळजवळ आंधळी असते. गढूळ पाण्यात स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ती मासे हुडकते. तिला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. म्हणून दर थोड्या वेळानं लांबोडकं तोंड वर काढून ती फुस्सकन श्वास सोडते. २००९ साली तिला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. बिहारमध्ये भागलपूरजवळ सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा तिच्यासाठी १९९१पासून अभयारण्य आहे.