तानसाच्या नळाकाठचा रस्ता

आमच्या शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. तेव्हापासून इथलं पाणी नळातून मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आमच्या वाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघतात. माझा बापही त्या पाण्यासारखाच रोज मुंबईला जायचा. आसनगाव स्टेशनापर्यंत सायकल, पुढं लोकल. आग्रा रोडवर ट्रकानं भोंगा दिला की बाप सायकल घेऊन मातीत उतरायचा. म्हणायचा, "रस्ता त्यांचा हाय बाबा." मला ते खुपायचं. बाजूला हो, खाली उतर, हे त्याच्या आज्यापंज्यानंही ऐकलेलं. फक्त तेव्हा भोंगा नव्हता, तोंड होतं.

मित्रांनो, रस्ता आपल्याला कुणी दिलेला नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तिकडं त्रावणकोरात १९२४ ला वायकोमचा सत्याग्रह झाला. मागणी देवळात जायची नव्हती, देवळाभोवतीच्या रस्त्यानं नुसतं चालायची होती. वीस महिन्यांनी तीन बाजू मोकळ्या झाल्या. पूर्वेची बंदच राहिली.

आता मुंबईत बघा. पाण्याच्या सुरक्षेसाठी तानसा नळाच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा हायकोर्टाचा हुकूम झाला. झोपड्या तुटल्या. हजारो माणसं माहुलला, रिफायनरीच्या धुरात नेऊन टाकली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर महापालिकेनं ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला. पुढं २०१९ ला हायकोर्टालाच सांगावं लागलं, माहुलला आणखी माणसं धाडू नका.

मग सायकलचा रस्ता नकोच का? हवा! एक मोटार जेवढी जागा अडवते तेवढ्यात कितीतरी सायकली मावतात. दूधवाला, पेपरवाला, वॉचमन, नाक्यावरचा गवंडी यांच्याकडं पेट्रोलचे पैसे नसतात, पण जीव असतो. तो चाकाखाली जाऊ नये म्हणून वेगळी पट्टी पाहिजे. वांद्रे-कुर्ला संकुलात अशी पट्टी केली होती. तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. २०२५ ला ती काढून मोटारींचाच रस्ता रुंद करायचं ठरलं. म्हणजे ठराव होतो, रस्ता होतो, आणि त्यावर बसतो दुसराच. बोले ठरावाचं झालं तेच.

म्हणून सायकलच्या रस्त्याची मागणी आपण करायची, पण आपल्या अटीवर. कुणाचं घर मोडून नको. बागेभोवती हवा खायला नको. वस्तीपासून स्टेशनापर्यंत, कारखान्यापर्यंत पाहिजे. मुंबईत पाहिजे तसा शहापूर-आसनगावला पाहिजे, मुरबाडच्या एमआयडीसीच्या वाटेवरही पाहिजे.

बाप आता नाही. त्याची सायकल मी चालवतो. भोंगा वाजला तरी डांबर सोडत नाही. पण एकट्यानं डांबर धरून भागत नाही. महाडला बाबासाहेबांच्या मागं हजारो पावलं होती.