सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायदा
बँकांनी ज्या परिसरातून ठेवी गोळा केल्या, तेथील अल्प व बेताच्या उत्पन्नाच्या वस्त्यांनाही सुरक्षित व्यवहाराच्या मर्यादेत कर्ज द्यावे, यासाठी अमेरिकेने १९७७ मध्ये केलेला कायदा. सेनेटर विल्यम प्रॉक्समायर हे त्याचे पुरस्कर्ते. १९३० च्या दशकातील सरकारी नकाशांत गरीब व कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून ‘धोकादायक’ ठरवल्या होत्या. अशा वस्त्यांना कर्ज नाकारण्याच्या प्रथेला ‘रेडलायनिंग’ म्हणतात; तिला आळा घालणे हा या कायद्याचा हेतू होता. घरकर्जे, लघुउद्योगांची कर्जे, परवडणाऱ्या घरांतील गुंतवणूक व सेवा तपासून नियामक बँकेला चारपैकी एक श्रेणी देतात. श्रेणी जाहीर होते. नवी शाखा किंवा विलीनीकरणाला परवानगी देताना ती विचारात घेतली जाते. भारतात अग्रक्रम क्षेत्रांसाठी बँकांवर असते तसे कर्जाचे ठरावीक प्रमाणाचे बंधन मात्र या कायद्यात नाही.