एका शब्दाची अडत

हापूस या शब्दाचा प्रवास भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. अफोन्सो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकला. पुढे पोर्तुगिजांनी या किनाऱ्यावर आंब्याची कलमे बांधण्याची विद्या रुजवली, आणि अशा कलमांतून निपजलेल्या एका जातीला त्याच सेनानीचे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते. 'अफोन्सो'चा कोकणी-मराठी जिभेवर आफूस झाला, हापूस झाला आणि मूळ माणूस विसरला गेला. या लेखात मात्र आम्हांला या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी नव्हे, तर किमतीविषयी लिहायचे आहे. गेल्या पंचवीस वर्षांत खुद्द शब्दांनाच भाव लावणारा एक बाजार उभा राहिला. त्याचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांनी केवळ व्यापाराचा म्हणून सोडून देऊ नये, असे आम्हांला वाटते.

प्रथम फळांच्या बाजाराकडे वळू. मुंबईचे घाऊक व्यापार शहराबाहेर काढून गर्दी कमी करावी, हा नवी मुंबईच्या आखणीमागचा एक प्रमुख हेतू होता. सिडकोची स्थापना १९७० ची. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये खाडी ओलांडून आला आणि फळे व भाजीपाला १९९६ मध्ये. तेव्हापासून क्रॉफर्ड मार्केटचे घाऊक वैभव तुर्भ्याच्या गाळ्यांत आले. लोक त्याला 'वाशीचा बाजार'च म्हणतात. कोकणातला बागायतदार पेटी पाठवतो, अडत्या ती विकून देतो आणि विक्रीवर आपली अडत घेतो. कायद्याला अपेक्षित आहे तो उघड लिलाव. पण रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीतही या व्यापाराला अपरिचित नाही. भाव दोघांनाच कळतो. ज्याचा माल आहे तो शेतकरी रत्नागिरीला किंवा देवगडला असतो.

दुसरा बाजार जाहिरातीचा. 'जाहीर' म्हणजे उघड, सर्वांना दिसणारे. 'जाहिरात' हा शब्द त्यातूनच आला. मुद्रणयुगातील जाहिरात या अर्थाला जागणारी होती. जाहिरातदार जागेचे पैसे देई, मग ती कोणी वाचो वा न वाचो. त्या पैशावर शेजारचा मजकूर जगे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे याचे ठळक मराठी उदाहरण. कारखान्याची खबर देण्यासाठी निघालेल्या या पत्राचे शंकरराव किर्लोस्करांच्या हाती एका वाङ्मयीन मासिकात रूपांतर झाले. नांगर विकता विकता कथा आणि वैचारिक लेख छापले गेले. मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना जाहिरातीच्या या आश्रयाची नोंद आपण फारशी घेत नाही.

शोधयंत्रावरील जाहिरातीने हे नाते तोडले. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम'ने शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याचे नाव वर. आणि पैसे द्यायचे ते कोणी त्या नावावर टिचकी मारली तरच. विशेष म्हणजे प्रत्येक नावाशेजारी त्याची बोली शोधणाऱ्याला दिसत असे. तो खरोखर उघड लिलाव होता. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये 'अ‍ॅडवर्ड्‌स' आणले तेव्हा आकारणी जाहिरात किती वेळा दिसली यावर होती. टिचकीगणिक लिलावाची पद्धत त्यांनी २००२ मध्ये स्वीकारली. तिच्यात दोन फरक केले. बोली झाकली गेली. आणि क्रम केवळ बोलीवर न ठरता, त्या जाहिरातीवर लोक टिचकी मारण्याची शक्यता किती, यावरही ठरू लागला.

हे गणित एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. 'हापूस' या शब्दावर एका मोठ्या व्यापाऱ्याने टिचकीमागे १० रुपयांची बोली लावली. शंभरांपैकी दोघे त्याच्या जाहिरातीवर जातात. एका बागायतदाराने ६ रुपये लावले. त्याच्याकडे शंभरांपैकी पाच जण जातात. शंभर दर्शनांमागे पहिल्याकडून यंत्राला २० रुपये मिळतील, दुसऱ्याकडून ३०. म्हणून बागायतदार वर येतो. आणि त्याला सहा नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यापुरते, म्हणजे ४ रुपयांहून किंचित अधिक द्यावे लागतात. चांगली, नेमकी, खरी वाटणारी ओळ लिहिणाऱ्याला येथे सवलत आहे. शैलीला रोख मोल देणारी अशी व्यवस्था पूर्वी क्वचितच झाली असेल.

परंतु हिशेब येथे संपत नाही. शंभर टिचक्यांतून दोन पेट्या विकल्या गेल्या, तर टिचक्यांचे चारशे रुपये दोन पेट्यांवर पडतात, पेटीमागे दोनशे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. आता बागायतदाराने थेट ग्राहकाला विकावे, असे सांगितले गेले. पण थेट ग्राहक भेटायचा कोठे? नेरुळच्या किंवा खारघरच्या सदनिकेत बसून तो 'हापूस' असे टंकतो, आणि त्या शब्दापाशी पुन्हा एक मध्यस्थ उभा असतो. पेटीमागचे ते दोनशे रुपये म्हणजे नव्या बाजारातली अडतच होय. जुन्या अडत्याला बागायतदार तोंडाने ओळखत होता आणि नडीला त्याच्याकडून उचलही घेत होता. नवा अडत्या माल विकला जाण्याआधीच आपला वाटा घेतो, आणि विकला न गेला तरी परत करत नाही.

२०१८ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक चिन्हांकन मिळाले: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला तोच हापूस. वाशीच्या बाजारात कर्नाटकातला आंबाही या नावाने खपतो, ही बागायतदारांची जुनी तक्रार होती; कायद्याने शब्दाचा अर्थ पाच जिल्ह्यांपुरता आवळला. त्याच्या आदल्याच महिन्यात गूगलने 'तंतोतंत जुळणी'ची व्याख्या सैल केली, सुरुवात इंग्रजीपासून. जाहिरातदाराने निवडलेला शब्दच टंकलेला असण्याची गरज उरली नाही; समान अर्थाचा शब्दही तंतोतंत मानला जाऊ लागला. एकीकडे कायदा नावाची सीमा आखत होता, तर दुसरीकडे यंत्र समानार्थी शब्दांची कुंपणे काढत होते. पर्यायवाची शब्द खरोखर एकार्थी असतात काय, हा आपला वर्गातला जुना प्रश्न येथे पैशांत सुटत होता.

शब्द कोणाचा, हा वाद न्यायालयांतही गेला. 'भारत मॅट्रिमनी'च्या चालकांनी गूगल आणि प्रतिस्पर्धी विवाहसंस्थळांविरुद्ध आणलेल्या दाव्यात मद्रास उच्च न्यायालयाने २०१० मध्ये वर्णनपर शब्दांवर एकट्याचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. सामान हलवणाऱ्या एका कंपनीच्या नावासंबंधीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की, नोंदवलेले चिन्ह शोधशब्द म्हणून विकणे हा त्याचा वापरच आहे आणि गूगल तेथे केवळ तटस्थ वाहक नाही. तथापि ग्राहकाची फसगत होत नसेल, तर निव्वळ तेवढ्याने हक्कभंग होत नाही. हे दोन्ही निवाडे व्यापारचिन्हांविषयी आहेत. हापूस हे कोणा एका कंपनीचे चिन्ह नाही. ते एका भूभागाचे, तेथील अनेक पिढ्यांच्या श्रमाचे सामाईक नाव आहे. पेटीवर ते खोटे छापणाऱ्याला कायदा पकडू शकतो. पण बोली लावलेला शब्द कोठेच छापला जात नाही. तो पडद्यामागे राहून आपले काम करतो.

या व्यवस्थेने लहान उत्पादकाला काहीच दिले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मासिकात पानभर जागा घेण्याची ज्याची ऐपत नव्हती, तो आज काही शे रुपयांत ग्राहकाच्या प्रश्नापर्यंत पोहोचू शकतो, आणि कोणी फिरकले नाही तर त्याचा पैसाही जात नाही. हा लाभ खरा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, त्याची किंमत ज्या जागी दिली जाते ती जागा आपल्या परिचयाची आहे. छापील जाहिरातीच्या शेजारी लेखकाचा मजकूर असे. शोधजाहिरातीच्या शेजारी वाचकाचा स्वतःचा प्रश्न असतो, आणि त्याचे मानधन कोणालाच मिळत नाही. कोकणच्या आंब्याला नाव मिळण्यासाठी काही शतके लागली. ते नाव उच्चारणारे, घडवणारे आणि सांभाळणारे लोक आज त्याच नावावर बोली लावून उभे आहेत. रुमाल तोच आहे. बोटे मात्र आता कोणालाच दिसत नाहीत.