उतारवयातील हिरड्यांचे विकार

साठी उलटली की दात हलायचेच, अशी समजूत घरोघरी आढळते. हिरड्यांतून रक्त आले तरी 'वयोमानाप्रमाणे होणारच' म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते आणि अखेर कवळी बसविण्याची वेळ येते. वास्तविक दात पडणे हा वार्धक्याचा अटळ परिणाम नव्हे. मात्र वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती बदलते आणि त्याची झळ हिरड्यांनाही पोहोचते.

विकाराची सुरुवात

दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही, तर तो कठीण होऊन त्याचे किटण बनते. हिरड्या लाल होऊन सुजतात व त्यांतून रक्त येते. या टप्प्यावर विकार पूर्ण बरा होऊ शकतो. हाराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये केलेल्या प्रयोगात, निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविताच १० ते २१ दिवसांत हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता सुरू होताच सूज ओसरली. पुढे १९७५ मध्ये झालेल्या अशाच प्रयोगात, तरुणांच्या तुलनेत वृद्धांच्या हिरड्यांना लवकर व अधिक सूज येत असल्याचे दिसले.

उपचार न झाल्यास दाह खोलवर जातो. दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागते. यालाच बोलीभाषेत पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

प्रतिकारशक्तीतील बदल

छातीतील थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते व नव्या 'टी' पेशींची निर्मिती घटते. जंतूंवर प्रथम धावून जाणाऱ्या 'न्यूट्रोफिल' या पांढऱ्या पेशींना नेमकी दिशा साधत नाही. वाटेत त्यांच्यातून बाहेर पडणारी विकरे निरोगी ऊतींनाच इजा करतात. शिवाय शरीरात सौम्य दाह सतत धुमसत राहतो. म्हणजेच संरक्षण दुबळे होते आणि दाहही आवरत नाही. हिरड्यांच्या विकारात होणारी बरीचशी हानी जंतूंपेक्षा या अनावर दाहामुळेच होते.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा एक दुवा हाती आला. पांढऱ्या पेशींचा लोंढा रोखणारे 'डेल-१' हे प्रथिन वृद्ध उंदरांच्या हिरड्यांत कमी आढळले. ते बाहेरून दिल्यावर हाडाची झीज रोखता आली.

अमेरिकेत २००९-१० मध्ये झालेल्या पाहणीत तिशीपुढील सुमारे ४७ टक्के, तर पासष्टीपुढील सुमारे ७० टक्के लोकांना हा विकार आढळला. वर्षानुवर्षे साचत गेलेली हानीही या वाढीमागे आहे.

धोका वाढविणारे घटक

अनियंत्रित मधुमेहामुळे हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांतील दाहामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे विकार झाकला जातो. महाराष्ट्रात अनेक ज्येष्ठ महिला दात घासण्यासाठी वापरतात ती मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. ती हिरड्यांना अपायकारक असते. काही औषधांमुळे लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते, तर संधिवातामुळे ब्रश नीट धरता येत नाही.

घ्यावयाची काळजी

* मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावेत. दातांमधील फटीही स्वच्छ कराव्यात.
* बोटे आखडलेली असल्यास जाड मुठीचा वा विजेवर चालणारा ब्रश वापरावा.
* रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये.
* दंतवैद्यांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने किटण काढून घ्यावे. त्यामुळे दात सैल होतात, हा गैरसमज आहे. मुळात हाड झिजलेले असल्यास किटणाचा आधार गेल्यावर ते हलताना जाणवतात, इतकेच.
* मधुमेह आणि सुरू असलेली औषधे यांची माहिती दंतवैद्यांना द्यावी.

हा विकार बहुधा दुखत नाही. त्यामुळे दुखण्याची वाट न पाहता रक्त येणे, दुर्गंधी आणि हिरड्या मागे सरकणे या खुणा दिसताच तपासणी करून घेणे हिताचे ठरते.